ऑफसाइडची रेषा किती जाड असावी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की व्हिडिओवर ऑफसाइड (पास निघताना फॉरवर्ड, म्हणजे हल्ला करणारा खेळाडू, समोरच्या संघाच्या कीपर धरून शेवटून दुसऱ्या खेळाडूच्या पुढे असणं) तपासताना सेंटिमीटर मोजणं थांबवावं, डोळ्याला दिसेल तेवढंच ऑफसाइड धरावं. त्यावर पत्रं आली, फोन आले, मिरजकर तिकटीला चहा पिताना दोघांनी गाठून वादही घातला. कोल्हापुरात फुटबॉलवर लिहिलं की हे व्हायचंच, आणि व्हावं. मी बरीच वर्षं शाहू स्टेडियमच्या रेषेवर झेंडा घेऊन पळालो आहे, त्यामुळे ही उत्तरं लाइनमनच्या जागेवरून दिलेली आहेत. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

सर, आमच्या तालमीच्या फुटबॉल टीमची मॅच होती. मी गोलच्या मागच्या बाजूला बसलो होतो. समोरचा फॉरवर्ड सरळसरळ दोन पावलं पुढं होता. आख्खं स्टेडियम ओरडलं, पण लाइनमनचा झेंडा वर गेला नाही आणि गोल झाला. सगळ्या गावाला दिसतं ते त्या एका माणसाला कसं दिसत नाही?
— एक वाचक, शिवाजी पेठ

तुमचा राग मी समजू शकतो. पण तुम्ही बसला होता ती जागा ऑफसाइड बघण्यासाठी मैदानातली सगळ्यात वाईट जागा आहे. गोलच्या मागून मैदान लांबीने दिसतं. पुढे-मागे उभे असलेले दोन खेळाडू तिथून एकमेकांना चिकटलेले दिसतात. एक मीटरचं अंतर आहे की अर्ध्या मीटरचं, हे तिथून कुणालाच सांगता येणार नाही.

गॅलरीत मध्यरेषेसमोर बसणाऱ्यांना वाटतं की आपल्याला सगळं नीट दिसतंय. तिथली फसगत वेगळी आहे. खेळ उजव्या गोलकडे गेला की तुमची नजर तिरकी होते. तिरक्या नजरेने बघितलं की तुमच्या जवळच्या बाजूचा फॉरवर्ड, स्टॉपरच्या, म्हणजे मधल्या बचावपटूच्या, बरोबरीत असला तरी, पुढे गेल्यासारखा दिसतो. लांबच्या बाजूचा खरोखर पुढे असला तरी बरोबरीत दिसतो. टीव्हीचा मुख्य कॅमेराही मध्यरेषेजवळच असतो, म्हणून घरी बसून ओरडणाऱ्यांचंही हेच होतं.

लाइनमनही यातून सुटत नाही. शेवटून दुसरा बचावपटू जिथे असेल, त्याच्या बरोबर रेषेत त्याने असायला हवं. तो एक मीटरभर गोलकडे सरकलेला असला तर पलीकडच्या बाजूचा फॉरवर्ड मागे असूनही त्याला पुढे दिसतो, आणि अलीकडचा पुढे असूनही सुटून जातो. मीटरभर मागे राहिला तर सगळं उलटं. नेदरलँड्सच्या संशोधकांनी २००० साली 'नेचर' या नियतकालिकात नेमकं हेच दाखवलं होतं. लाइनमनच्या बऱ्याचशा चुका तो रेषेत नसल्यामुळे, नजरेच्या कोनातून होतात. त्याच्या प्रामाणिकपणावर लगेच शंका घेणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं.

आणखी एक अडचण आहे, ती रेषेवर उभं राहिल्याशिवाय कळत नाही. पास निघाला तो क्षण आणि फॉरवर्ड कुठे होता ती जागा, या दोन गोष्टी एकाच वेळी बघायच्या असतात. पास देणारा चाळीस मीटर मागे, पळणारा तुमच्या समोर. दोन डोळ्यांनी दोन दिशांना बघता येत नाही. मग अनुभवी लाइनमन काय करतो? नजर बचावाच्या रेषेवर ठेवतो आणि चेंडूला बूट लागल्याचा आवाज ऐकतो. आवाज आला त्या क्षणी समोर जे चित्र असेल ते त्याचं उत्तर. आता शाहू स्टेडियममध्ये पेठेची मॅच आठवा. शिट्ट्या, आरोळ्या, अंगावर येणारा कल्ला. त्यात तो 'ठप्प' आवाज कुठून ऐकू येणार? मग मान वळवून बघावं लागतं, आणि मान परत येईपर्यंत फॉरवर्ड दोन पावलं पुढे गेलेला असतो. तुम्हाला दिसलेली दोन पावलं कदाचित तीच असतील.

मी नववीत आहे आणि शाळेच्या टीममध्ये लेफ्ट विंगला खेळते. थ्रो-इनवर ऑफसाइड असतो का? आमच्यात यावरून रोज भांडण होतं.
— एक खेळाडू, कागल

नसतो. थ्रो-इन, गोल किक आणि कॉर्नर, या तिन्हींवर चेंडू थेट तुझ्याकडे आला तर तू कुठेही उभी अस, ऑफसाइड नाही. पण थ्रो-इनचा चेंडू आधी मैत्रिणीकडे गेला आणि तिने तो तुला पुढे ढकलला, तर तिच्या स्पर्शापासून नियम पुन्हा लागू.

तू स्वतःच्या अर्ध्यात असशील तरीही ऑफसाइड नाही. हात धरत नाहीत, काखेच्या खालच्या टोकापर्यंतचा खांदा धरतात. आणि नुसतं ऑफसाइड जागेवर उभं राहणं हा गुन्हा नाही. तिथून चेंडू खेळलीस, कुणाला अडवलंस किंवा कीपरची नजर झाकलीस, तरच झेंडा. विंगवर खेळणाऱ्या मुलीने हे शेवटचं वाक्य पाठ करावं. कोपऱ्यात थांबून, खेळात भाग न घेता, परत रेषेमागे यायला तुला पूर्ण मोकळीक आहे.

माझे दोन नातू मॅच बघताना या ऑफसाइडवरून इतके भांडतात की जेवणं थंड होतात. एवढा किचकट नियम ठेवलाच कशाला? काढून टाकला तर काय बिघडेल?
— एक आजी, राजारामपुरी

आजी, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला, कारण नियम कशासाठी आहे हे विसरल्यामुळेच बाकीची सगळी भांडणं होतात.

नियम काढून टाकला तर एक खेळाडू समोरच्या गोलजवळ जाऊन नुसता उभा राहील. मागून कुणीतरी लांब चेंडू मारायचा, याने टोलवायचा. मग त्याच्यावर लक्ष ठेवायला समोरचेही दोघं तिथेच थांबणार. मधलं मैदान ओस पडणार, पासिंग संपणार. आपल्या शाळांच्या मैदानावर लहान पोरं बिनऑफसाइडची खेळतात तेव्हा नेमकं हेच होतं, येता-जाता बघा.

इंग्लंडमध्ये १८६३ साली पहिले नियम लिहिले तेव्हा तर चेंडूच्या पुढे असलेला प्रत्येक जण बाद होता, म्हणजे पुढे पास द्यायचीच सोय नव्हती. १८६६ मध्ये ठरलं की फॉरवर्ड आणि गोल यांच्यामध्ये समोरचे तीन खेळाडू असले तर चालेल. पुढे बचाववाले हुशार झाले. न्यूकॅसलचा बिल मॅक्रॅकन हा बचावपटू तर ऑफसाइडच्या सापळ्यासाठीच ओळखला जायचा. एकाने पुढे सरकायचं, दुसऱ्याने मागे राखण करायची, आणि फॉरवर्ड अडकलेच. खेळ मध्यरेषेजवळच्या पट्ट्यात कोंडला, गोल आटले, प्रेक्षक कंटाळले. म्हणून १९२५ मध्ये तीनाचे दोन केले. इंग्लंडच्या पहिल्या विभागात आदल्या हंगामात ११९२ गोल झाले होते, पुढच्या हंगामात १७०३ झाले. नियमातला एक आकडा बदलल्यावर! १९९० मध्ये आणखी एक ढील दिली, ती म्हणजे बचावपटूच्या बरोबरीत असलेला फॉरवर्ड ऑफसाइड नाही.

प्रत्येक बदल कुणाच्या बाजूने झाला ते बघा. हल्ला करणाऱ्याच्या. दीडशे वर्षं नियम एकाच दिशेने सरकत आला आहे. आणि आता व्हिडिओमुळे, नियमातला एक शब्दही न बदलता, तो उलट्या दिशेने सरकतो आहे, कारण पूर्वी 'बरोबरीत' म्हणून सुटणारा फॉरवर्ड आता बुटाच्या टोकाने सापडतो. माझी तक्रार एवढीच आहे. नातवांना हे जेवणाआधी वाचून दाखवा.

तुमचा लेख पटला नाही. मी शिरोलीला मशीन शॉपमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडे पार्ट मापात बसला तर बसला, नाही तर रिजेक्ट. 'थोडासाच मोठा आहे' असं म्हणून कुणी गिऱ्हाइकाला माल देत नाही. एक सेंटिमीटर पुढे म्हणजे पुढेच. यंत्र सांगतंय तर भावना कशाला मध्ये आणायच्या?
— एक वाचक, शिरोली एमआयडीसी

बरं झालं तुम्ही लिहिलंत. आपण तुमच्याच शॉपच्या भाषेत बोलू.

पार्ट तपासायच्या आधी तुम्ही एक गोष्ट बघता. माप घेणारं साधन त्या कामाला पुरेसं बारीक आहे का? मायक्रॉनच्या टॉलरन्सचा (चालेल एवढ्या फरकाचा) पार्ट तुम्ही स्टीलच्या पट्टीने तपासून रिजेक्ट कराल का? नाही करणार. आणि ड्रॉइंगवर प्रत्येक मापापुढे अधिक-उणे लिहिलेलं असतं. टॉलरन्स नसलेलं माप तुम्ही स्वीकारतच नाही. ऑफसाइडच्या रेषेला टॉलरन्सच नाही, हे माझं म्हणणं.

आता साधन बघू. टीव्हीचा कॅमेरा साधारण सेकंदाला ५० चित्रं घेतो. म्हणजे दोन चित्रांत सेकंदाचा पन्नासावा भाग जातो. जोरात पळणारा फॉरवर्ड सेकंदाला आठ मीटर जातो. तेवढ्या वेळात तो किती सरकला? १६ सेंटिमीटर. बचावपटू त्याच वेळी उलट्या दिशेने वर येत असेल तर दोघांतलं अंतर त्याहून जास्त बदलतं. चेंडूला बूट नेमका कधी लागला ते या दोन चित्रांच्या मधे कुठेतरी असू शकतं. अशा साधनावर तुम्ही दोन सेंटिमीटरचा निकाल देता? तुमचा स्वतःचा इन्स्पेक्टर असं करताना दिसला तर तुम्ही त्याला जागेवर थांबवाल.

तुम्ही म्हणाल, ही जुनी पद्धत झाली. खरं आहे. २०२२ च्या कतार विश्वचषकात स्टेडियमच्या छताखाली १२ कॅमेरे होते, प्रत्येक खेळाडूच्या शरीरावरचे २९ बिंदू सेकंदाला ५० वेळा टिपत होते, आणि चेंडूतला सेन्सर सेकंदाला ५०० वेळा माहिती पाठवत होता. पास कधी निघाला ते आता फार बारकाईने कळतं, हे मी आनंदाने मान्य करतो. इंग्लंडच्या प्रीमियर लीगनेही एप्रिल २०२५ पासून निम-स्वयंचलित (रेषा यंत्र आखतं, निकाल माणूस देतो) पद्धत घेतली. पण खेळाडूच्या पायाचं टोक अजूनही सेकंदाला ५० वेळाच टिपलं जात असेल, तर मधलं हिशोबानेच भरून काढावं लागतं. साधन सुधारलं, नियमात टॉलरन्स मात्र अजूनही शून्यच आहे.

गंमत म्हणजे प्रीमियर लीगला हे आधी पटलं होतं. २०१९-२० मध्ये तिथे व्हिडिओ आला आणि काखा, खांदे, पुढे केलेले हात यांवरून गोल जायला लागले. नोव्हेंबर २०२० मध्ये लीड्सच्या पॅट्रिक बॅमफोर्डने पास कुठे हवा ते हाताने दाखवलं आणि त्याच हाताच्या वरच्या भागामुळे त्याचा गोल गेला. लोक इतके चिडले की २०२१-२२ पासून रेषा जाड केल्या. फॉरवर्डची आणि बचावपटूची रेषा एकमेकींवर आली तर ऑनसाइड. हाच तो टॉलरन्स.

क्रिकेटने तर हे कधीच मान्य केलं. पायचीतच्या रिव्ह्यूमध्ये चेंडू यष्टीला जेमतेम चाटून जाताना दिसला तर 'अंपायर्स कॉल', म्हणजे मैदानावरच्या पंचाने दिलं तेच खरं. यंत्र स्वतःहून सांगतं की इथे माझी खात्री नाही. फुटबॉलमध्येही तेवढंच करा. दोघांमधलं अंतर ठरलेल्या पट्ट्यात असेल तर लाइनमनचा झेंडा कायम.

आर्सेनलचे माजी प्रशिक्षक आर्सेन वेंगर वेगळा उपाय सुचवतात. फॉरवर्डच्या शरीराचा गोल करता येईल असा कुठलाही भाग बचावपटूच्या बरोबरीत असला तर ऑनसाइड, म्हणजे दोघांच्यात पूर्ण मोकळी फट दिसली तरच ऑफसाइड. वेंगरांबद्दल मला आदर आहे, पण याने भांडण मिटणार नाही. आज बुटाचं टोक मोजतो, उद्या टाच मोजू. मापाची जागा बदलेल, टॉलरन्स पुन्हा शून्य.

आम्ही अर्जेंटिनावाले. २०२२ च्या विश्वचषकात सौदीविरुद्ध आमचे तीन गोल ऑफसाइड देऊन काढून घेतले. ते नसतं तर ती मॅच ४-० ची होती. हा अन्याय होता की नाही ते एका शब्दात सांगा.
— मंगळवार पेठेतील एक चाहता

नव्हता.

२२ नोव्हेंबरची ती दुपार मला आठवते, पेठेत किती शांतता पसरली होती तेही आठवतं. मेस्सीने दहाव्या मिनिटाला पेनल्टीवर गोल केला आणि मग पूर्वार्धातच तीन गोल रद्द झाले, एक मेस्सीचा, दोन लाउतारो मार्टिनेझचे. लाउतारोचा पहिला गोल व्हिडिओने काढला, आणि तो फरक फार बारीक होता. त्या एका गोलवर मी तुमच्या बाजूने उभा आहे, माझ्या जाड रेषेत तो कदाचित बसला असता. बाकीच्या दोन्हींवर लाइनमनचा झेंडा होताच.

पण सौदीच्या पोरांनी त्या दिवशी बचावाची रेषा किती वर ठेवली होती ते बघा. मेस्सीसमोर, जवळजवळ मध्यरेषेपर्यंत चढून, एकमेकांवर विश्वास ठेवून सगळे एकदम पुढे सरकत होते. एक जण जरी अर्धं पाऊल मागे राहिला असता तर संपलं होतं. असा धाडसी बचाव मी फार थोड्या वेळा बघितला आहे. त्यांनी २-१ ने जिंकलं ते कमावून जिंकलं. आपल्या मंडळांच्या स्टॉपरनी ती मॅच पुन्हा बघावी.

तुम्ही यंत्राच्या विरोधात लिहिता, मग भारत-कतार मॅच विसरलात का? तिथे व्हिडिओ असता तर आपण पुढच्या फेरीत असतो.
— एक वाचक, इचलकरंजी (याच आशयाची आणखी बरीच पत्रं)

विसरलेलो नाही, विसरणारही नाही. ज्यांनी बघितली नाही त्यांच्यासाठी सांगतो. ११ जून २०२४, दोहा, विश्वचषक पात्रतेची दुसरी फेरी. सुनील छेत्री नुकताच निवृत्त झालेला, गोलकीपर गुरप्रीत कर्णधार. ३७ व्या मिनिटाला छांगतेने गोल केला, आपण १-० पुढे. जिंकलो की तिसरी फेरी. ७३ व्या मिनिटाला कतारचा हेडर गुरप्रीतने अडवला, चेंडू गोलच्या बाजूने रेषेबाहेर गेला. पूर्ण बाहेर. कतारच्या खेळाडूने तो बाहेरून आत ओढला, यूसुफ अयमनने जाळ्यात मारला आणि पंचांनी गोल दिला. आपली पोरं थांबली होती, कारण चेंडू बाहेर गेल्यावर कुणीही थांबतो. नंतर आणखी एक गोल खाल्ला, २-१ ने हरलो, स्पर्धा संपली. त्या फेरीत व्हिडिओची सोयच नव्हती.

असल्या वेळी व्हिडिओ हवाच. मी यंत्राच्या विरोधात नाही. व्हिडिओ रेफ्रीची मूळ कल्पनाच ही होती, की धडधडीत, उघड चूक पकडायची. गोल, पेनल्टी, थेट लाल कार्ड आणि चुकीच्या खेळाडूला दिलेलं कार्ड, एवढ्या चारच गोष्टींसाठी तो आणला गेला. २०१६ मध्ये चाचण्यांना परवानगी मिळाली, मार्च २०१८ मध्ये तो नियमात आला आणि त्याच उन्हाळ्यात रशियातल्या विश्वचषकात वापरला गेला.

तो का आणावा लागला ते २७ जून २०१० च्या एका दिवसात दिसतं. दुपारी जर्मनीविरुद्ध इंग्लंडच्या लॅम्पार्डचा फटका बारला लागून गोलरेषेच्या चांगला आत पडला आणि बाहेर आला. गोल मिळाला नाही. त्याच संध्याकाळी मेक्सिकोविरुद्ध अर्जेंटिनाच्या तेवेझने हेडर मारला तेव्हा तो कितीतरी पुढे होता. स्टेडियमच्या मोठ्या पडद्यावर रिप्ले लागला, मेक्सिकोचे खेळाडू पडद्याकडे बोट दाखवत पंचांभोवती जमले, पंचांनीही बघितलं असणार, पण नियमाने त्यांना पडद्यावर विसंबता येत नव्हतं. गोल कायम राहिला. आख्ख्या जगाला दिसतंय आणि ज्याने निर्णय द्यायचा त्यालाच बघायची बंदी, याहून वाईट अवस्था पंचाची होऊ शकत नाही. त्या पंचाची तगमग मला आजही जाणवते.

मग यंत्र आलं म्हणजे सगळं सुटलं का? ३० सप्टेंबर २०२३, टॉटनहॅम विरुद्ध लिव्हरपूल. लुइस डियासचा गोल, लाइनमनचा झेंडा वर. खोलीत बसलेल्या व्हिडिओ रेफ्रीने रेषा बरोबर आखल्या, डियास ऑनसाइड आहे हे बरोबर ओळखलं. पण मैदानावर गोल दिलेलाच आहे असा त्याचा समज झाला, म्हणून त्याने 'तपासणी पूर्ण' एवढंच कळवलं. मैदानावरच्यांना वाटलं ऑफसाइड कायम. खेळ सुरू झाला, आणि एकदा खेळ सुरू झाला की निर्णय बदलता येत नाही. लिव्हरपूल २-१ ने हरलं. तिथे कॅमेरा चुकला नाही, रेषा चुकली नाही, दोन माणसांमधलं बोलणं चुकलं. ती ध्वनिफीत पुढे प्रसिद्ध झाली. त्या खोलीतल्या लोकांना चूक उमगते तेव्हाचे त्यांचे आवाज ऐकून मला झोप लागली नाही.

म्हणून मागणी स्पष्ट ठेवूया. दोह्यात जे झालं ते पकडायला यंत्र हवं. बॅमफोर्डची बाही मोजायला नको.

टीव्हीवर हल्ली ऑफसाइड दिसत असतानाही लाइनमन झेंडा वर करत नाही, मूव्ह संपल्यावर करतो. मी लहान मुलांना शिकवतो, पालक विचारतात की असं का.
— एक प्रशिक्षक, गडहिंग्लज

ते व्हिडिओमुळे आहे. झेंडा लवकर वर गेला आणि नंतर कळलं की ऑनसाइड होता, तर थांबलेला हल्ला परत आणता येत नाही. म्हणून सांगितलेलं असतं की गोलची संधी दिसत असेल आणि शंका असेल तर थांबा, मूव्ह संपू द्या.

यात एक धोका आहे. मे २०२५ मध्ये नॉटिंगहॅम फॉरेस्टचा तायवो अवोनियी असाच झेंडा उशिरा वर गेलेल्या हल्ल्यात गोलपोस्टवर आदळला, पोटाला मोठी दुखापत झाली, शस्त्रक्रिया करून त्याला कृत्रिम बेशुद्धीत ठेवावं लागलं. तुमच्या स्पर्धेत व्हिडिओ नाही, मग उशीर करण्याचं काही कारणच नाही. लाइनमनला खात्री झाली की त्याने लगेच झेंडा वर करावा. टीव्ही बघून ही सवय उचललेले तरुण पंच मी आपल्याकडेही बघतो आणि प्रत्येकाला टोकतो. पोरांच्या हाडांचा प्रश्न आहे.

आमच्या मंडळाची पोरं प्रत्येक मॅच मोबाईलवर शूट करतात. मागच्या महिन्यात स्पष्ट ऑफसाइड गोल आमच्यावर दिला, आमच्याकडे व्हिडिओ होता, पण रेफ्रीने बघायला नकार दिला. कोल्हापुरात व्हिडिओ रेफ्री कधी येणार?
— एका तालीम मंडळाचे कार्यकर्ते

रेफ्रीने नकार दिला ते योग्य केलं, आणि त्याला हिंमत लागली असणार. अधिकृत परवानगी नसलेल्या स्पर्धेत पंचाला कुठलाही व्हिडिओ बघून निर्णय देता येत नाही. समजा त्याने तुमचा मोबाईल बघितला असता. पुढच्या मॅचला समोरचं मंडळ चार मोबाईल घेऊन आलं असतं, प्रत्येकात वेगळा कोन, वेगळं सत्य. वर मी नजरेच्या कोनाचं सांगितलं आहे ते मोबाईललाही लागू आहे. गॅलरीतून तिरका घेतलेला व्हिडिओ ऑफसाइडचा पुरावा होत नाही.

पूर्ण व्हिडिओ रेफ्री आपल्याकडे लवकर येईल असं मला वाटत नाही. २०२४-२५ च्या हंगामापर्यंत आयएसएलमध्येही (इंडियन सुपर लीग) तो नव्हता, मग शहराच्या लीगचं काय घेऊन बसायचं. शिवाय ज्यांच्याकडे पैसा आहे ते सगळे घेतातच असंही नाही. स्वीडनमध्ये बहुतेक क्लब आपल्या तालमींसारखे सभासदांच्या ताब्यात आहेत. तिथल्या सभासदांनी विरोध केला आणि २०२४ मध्ये तिथल्या महासंघाने व्हिडिओ रेफ्री आणायचा नाही असं ठरवलं.

पण फिफाने एक स्वस्त पद्धत काढली आहे, ती आपण लक्ष देऊन बघायला हवी. तिचं नाव 'फुटबॉल व्हिडिओ सपोर्ट'. वेगळी खोली नाही, वेगळा व्हिडिओ रेफ्री नाही. थोडे कॅमेरे आणि बाजूला एक पडदा. प्रशिक्षकाला एका मॅचमध्ये दोन वेळा दाद मागता येते, आणि त्याचं म्हणणं बरोबर ठरलं तर ती संधी शिल्लक राहते. पंच स्वतः पडद्यावर बघून ठरवतो. २०२४ च्या कोलंबियातल्या २० वर्षांखालील महिला विश्वचषकात ही वापरून झाली. थोड्या कॅमेऱ्यांवर सेंटिमीटरचा ऑफसाइड मोजताच येत नाही, उघड चूक तेवढी दिसते. मला ती आवडते ती याचसाठी.

तोपर्यंत तुमच्या मंडळाने एक काम करावं. दर हंगामात खेळणं थांबवलेली दोन-तीन पोरं तुमच्याकडे असतातच. गुडघा गेलेला असतो किंवा नोकरी लागलेली असते, पण खेळ कळत असतो. त्यांना पंचांच्या परीक्षेला बसवा, तयारीचा आणि बुटाचा खर्च मंडळाने उचला. अनिकेत जाधव कोल्हापुरातून २०१७ च्या १७ वर्षांखालील विश्वचषकापर्यंत गेला, तसा या गावातून लाइनमनही वर जाऊ शकतो. पोरं तयार असतील तर मला कळवा. आडवं पळायचं कसं, झेंडा रेफ्रीला दिसेल त्या हातात कसा ठेवायचा, झेंडा आधी सरळ वर आणि मग लांबच्या, मधल्या की जवळच्या खेळाडूसाठी कुठल्या कोनात धरायचा, हे मी सकाळी सहाला मैदानावर येऊन शिकवीन. फी नाही. आणि त्यांच्यातला एखादा उद्या दुसऱ्या मंडळाच्या मॅचला रेषेवर उभा राहिला, तर त्याच्या पाठीमागे बसणाऱ्या तुमच्या समर्थकांना गप्प बसवायची जबाबदारी तुमची.